सतरावी ओळ

माझ्या घरमालकांनी माझ्यासमोर दगड चाटला, तो माझा वणीतला पहिला दिवस होता.

खोली बघायला गेले होते. ओट्यावर एक काटकुळे म्हातारे बसलेले. मी चप्पल काढली तसा तिच्या तळाला अडकून आलेला खडा फरशीवर पडला. त्यांनी तो उचलला, जिभेला लावला, मग पुढच्या दातांत धरून चावून पाहिला आणि विचारलं,

"येवतमाळकून आली काय?"

"हो. पण तुम्हाला कसं..."

"हा इकडचा नाही. काळ्या दगडातला मुरूम होय. इकडं सगळा वाळूचा दगड." मग बाजूला थुंकले. "दातात कचकच झाली त वाळू. लोण्यावानी लागला त चिकणा. ध्यानात ठेव, कामी येईन."

मी भूशास्त्राची बी.एस्सी. फुलसावंगीकडच्या आमच्या तांड्यातली पहिली पदवी माझी. याडीने, म्हणजे आईने, तो कागद काचेत बसवून घरात अशा जागी टांगलाय, की दारातून आत येणाऱ्याला आधी पदवी दिसते, मग घरातली माणसं. कॉलेजात आम्ही दगडावर चाकूने ओरखडा काढायचो, आम्लाचा थेंब टाकायचो, भिंगातून बघायचो. चाटत कोणीच नव्हतं. आणि हा सहावी शिकलेला माणूस मला शिकवत होता!

खोली मात्र घेतली. स्वस्त होती असं नाही, घरमालकीण काकू आवडल्या.

काका आयुष्यभर बोअरच्या मशीनवर हेल्पर होते. कोळसा कुठे आहे हे बघायला जमिनीत बोअर घेतात, तेव्हा आतून दगडाच्या लांब गोल कांड्या निघतात. त्या जशा निघाल्या तशा, वरची आधी, खालची नंतर, लाकडी पेट्यांत ओळीने मांडायच्या, हे त्यांचं काम. आणि त्या कांड्या बघून 'इथे हा थर, त्याखाली हा थर' असं लिहिणं, हे माझं नवं काम. एका ठेकेदाराकडे वर्षाच्या करारावर लागले होते. म्हणजे काका जिथे थांबले तिथून मी सुरू होत होते, असं मी मोठ्या तोऱ्यात काकूंना सांगितलंसुद्धा. काकू म्हणाल्या, "थांबले? कुठी थांबले? घरभर पाह्य जरा."

घरभर पाहिलं आणि खरंच चक्रावले. प्रत्येक वस्तूवर लाल रंगाचा बाण. गॅसच्या सिलेंडरवर बाण, खाली टोक. पाण्याच्या माठावर, धान्याच्या कोठीवर, मसाल्याच्या मिसळणाच्या डब्यावर, आरशाच्या चौकटीवर, सगळीकडे खाली टोक असलेला बाण. बोअरवर प्रत्येक कांडीवर असा बाण काढतात, खालची बाजू कोणती ते कळावं म्हणून. कांडी उलटी ठेवली गेली तर जमीनच उलटी वाचली जाते. तिथे ठीक आहे. पण माठावर?

"लग्नातली पाण्याची पितळी गुंड होती माही," काकू म्हणाल्या. "तिच्यावर काढला. म्हणलं, आवो, गुंड उपडी ठेवली त आंधळ्यालेही समजते. त म्हंते, आंधळ्याले समजते, घाईवाल्याले नाही समजत. मी मेली ना, त माह्या तिरडीवरही बाण काढतीन हे."

"काढीन," काका आतून म्हणाले. "लोकं घाईत असतात."

दुसऱ्या महिन्यात माझ्या ट्रंकेवर बाण आला.

कांदा ते उभाच चिरायचे. आडवा चिरलेला कांदा ताटात आला की बाजूला सारायचे. कोणी विहीर खणत असलं की रस्त्यात थांबायचे, सायकल तशीच धरून, तासभर. लोक त्यांना थरवाले काका म्हणायचे, तोंडावरसुद्धा. पण सगळ्यात विचित्र होती ती जिलेबी.

वर्षातून एकदा, कापूस फुटला की, काका धुतलेला सदरा घालायचे आणि बसने तासाभरावरच्या एका गावाला जायचे. तिथे ना त्यांची शेती, ना सोयरे. एका शेताच्या धुऱ्यावर, बांधाच्या पळसाखाली, थोडा वेळ उभं राहायचं आणि परत. येताना किलोभर जिलेबी. मग आळीत घरोघरी वाटायची आणि म्हणायचं, "यंदाही कापूसच हाय!"

"कापूसच असणार ना काका, शेतात," मी म्हटलं.

"असणार असं कोणी लिहून देल्लं काय तुले? घे, गरम हाय."

मी जिलेबी खाल्ली आणि मनात म्हटलं, माणूस चांगला आहे, पण डोक्याचा एक स्क्रू ढिला आहे.

*

माझ्या जुन्या लॅपटॉपवर कॉलेजपासून एक खेळ होता. जमिनीत खोदायचं आणि वस्ती वसवायची. गाडीभर सामान घेऊन काही बुटकी माणसं येतात, त्यांना आपण हुकूम सोडायचे. इथे खोदा, तिथे खोली करा, भट्टी लावा. पडद्यावर एकेक मजला वरून पाहिल्यासारखा दिसतो. खोदलेलं नसेल तिथे काळं. जिना खाली नेला की त्या मजल्यावरचा दगड उघडा पडतो आणि त्याच्यावर चौकोन नेला की खेळ त्या दगडाचं नाव सांगतो.

एका रविवारी दुपारी ओट्यावर बसून मी खेळत होते आणि चिडले होते. भट्टी बांधून तयार, आणि कोळसा काही लागत नव्हता. काका मागे येऊन उभे राहिले.

"हा कोणता दगड?"

"ग्रॅनाइट."

"अन् त्याच्या खाली?"

"तोच."

"अन् तुले कोळसा पाह्यजे?" त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं. "तू बी.एस्सी. ना वं?"

कानशिलं तापली माझी. परीक्षेत हे मी झोपेत लिहिलं असतं. "खेळ आहे काका हा. खेळात कोण डोकं लावते?"

"मंग हारशीनच ना. दुसरी जागा घे."

मी दुसरी जागा घेतली. माती, मग चिकणमाती, मग तिसऱ्या मजल्यावर शेल म्हणजे पापुद्र्यापापुद्र्याचा मातकट दगड, मग वाळूचा दगड. काका पुटपुटत होते. "उतर. अजून उतर. हाय इथं." चार मजले खाली उतरले आणि पडद्यावर कोळशाची काळी पट्टी आली. काकांनी चक्क पडद्याला हात जोडले.

"हा खेळ ज्यानं बनवला ना, त्यानं बोअरवर काम केलं असन. कमसे कम वर्षभर."

त्या दिवसापासून रविवारचा लॅपटॉप त्यांचा झाला. इंग्रजी येत नव्हतं. दगडांची नावं अक्षरांच्या आकारावरून ओळखायला शिकले. दोनशेपानी वही आणली. प्रत्येक नव्या जागेला नवं पान. मजल्याचा आकडा, समोर दगडाचं नाव, रंग, आणि पानाच्या कोपऱ्यात बाण, अर्थातच.

पण त्यांचं खेळणं बघून माझं डोकं उठायचं. ते वस्ती करायचेच नाहीत! एक जिना खोदायचे, थेट खालपर्यंत, थर लिहून घ्यायचे, संपलं की नवी जागा. तोवर ती बुटकी माणसं बिचारी उघड्यावर. पावसात भिजायची, कुरकुरायची. ती काय म्हणतात ते पडद्यावर येतं. मी वाचून दाखवायचे.

"काका, हा म्हणतो, छपराशिवाय झोपून वैतागलो."

"म्हणू दे."

"ही म्हणते, किती दिवस उघड्यावर राहायचं."

"सांग तिले, आधी खालचं पूर्ण समजू दे. न पाहता घर बांधलं अन् बसलं खाली, त मंग? जबाबदारी कोणाची? तुही का माही?"

"पण तुम्ही तर शेवटपर्यंत पाहिलं की आता!"

"पूर्ण नाही झालं," एवढंच म्हणून ते वही मिटायचे.

एकदा ती वही मी चाळली आणि पाहते तर काय, प्रत्येक पानावर सतरावी ओळ कोरी. सोळा लिहिलेला, अठरा लिहिलेला, सतराचा आकडा आहे आणि पुढे काही नाही. एकूण एक पानावर. मला वाटलं, म्हाताऱ्याची सवय, मोजताना एक मजला सुटतो. मदत म्हणून मी शेवटच्या पानावर पेन्सिलने सतरासमोर 'शेल' लिहून टाकलं. खेळात दिसत होतंच.

काकांनी ते पाहिलं आणि खोडरबराने इतकं घासलं, इतकं घासलं, की कागद फाटला. काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या.

"काय झालं वो?"

"कोणी लिहलं हे?"

"मी," मी म्हटलं. "सुटलं होतं तुमचं."

"सुटलं नाही. ते कोरंच रायते." आणि फाटलेलं पान तळहाताने सपाट करत बसले. मी घाबरून खोलीत गेले. एका खेळातल्या दगडासाठी माणूस एवढा कसा चिडू शकतो, मला कळेना.

*

आता माझी गोष्ट सांगते. लाज वाटते, पण सांगते.

करार संपायला पंधरा दिवस उरले होते. पुढच्या वर्षाचं साहेबांच्या हातात. आणि करार गेला तर मी परत तांड्यावर, काचेतल्या कागदाखाली बसायला. म्हणून त्या दिवसांत मी दुप्पट वेगाने काम करत होते. एका दुपारी ट्रॉलीवरून पेट्या उतरवताना माझ्या हातातली पेटी तिरकी झाली आणि कांड्या घरंगळून खाली गेल्या. त्यांच्यावर बाण काढलेले नव्हते. डबा खाऊन काढू म्हणून मीच ठेवले होते.

तुटलेल्या कडा एकमेकींना जुळवत मी बऱ्याचशा कांड्या जागेवर लावल्या. तीन काही केल्या जुळेनात. त्या मला जिथे बऱ्या वाटल्या तिथे ठेवल्या. थर लिहिले. खाली सही केली. साहेबांनी पाहिलं, म्हणाले, "वा मॅडम, कोळशाच्या वरचा थर चांगला टणक दिसतोय." मी खूश.

संध्याकाळी चहा घेताना काकांना सांगितलं. वर म्हटलं, "दुसरा कोणी असता तर गोंधळला असता. शिक्षणाचा फायदा असा होते, काका."

काकांची बशी तोंडाजवळ होती, ती तशीच राहिली. चहा सांडला सदऱ्यावर. त्यांनी बशी ठेवली, उठले, आत गेले. जेवले नाहीत. काकू मला विचारत होत्या, "काय बोलली तू याईले?" मला काय माहीत?

सकाळी बससाठी निघाले तर काका दारात उभे. हातात ती वही.

"बस जाऊ दे. दुसरी येईन. बस इथं."

मी बसले.

"म्या जवान होतो. रोजीनं होतो मशीनवर. त्या पळसाच्या धुऱ्यावर बोअर होतं. सतरावी पेटी माह्या हातातून सुटली." ते वहीकडे बघत बोलत होते. "बाण काढायचे राह्यलते. भूक लागलती. म्हणलं, भाकर खाऊन काढू."

मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"जेवढ्या जुळल्या तेवढ्या लावल्या. दोन राह्यल्या. एक शेल, एक पांढरा टणक दगड. कोणता वरतं, कोणता खालतं? खाली लगेच कोळसा. म्हंजे जो खालतं ठेवीन तो खाणीचं छत. साहेबाले छत मजबूत पाह्यजे होतं. मी त्याईले मजबूत करून देल्लं. पांढरा खालतं ठेवला. साहेब आले, लिहून घेतलं, माह्या पाठीवर थाप मारली."

खाण, छत, माणसं. मला पुढचं सगळं डोळ्यांसमोर दिसायला लागलं. विचारलं, "किती लोक गेले, काका?"

"कोठी?"

"खाणीत. छत पडलं ना?"

"कायचं छत? खाण झालीच नाही तिथं. कापूस हाय. जिलेबी वाटतो ना दरवर्षी?"

खरं सांगते, कोणी दहा माणसं गेली म्हटलं असतं तर मी एवढी हादरले नसते. काहीच झालं नव्हतं! एका कापसाच्या शेताखाली दोन दगड वरखाली लिहिले गेले होते आणि त्यासाठी या माणसाने आयुष्यभर माठावर बाण काढले होते.

"मग कायले?" मी जवळजवळ ओरडलेच. "कोणाचं काही बिघडलं नाही, मग कायले जिवाले लावून घेतलं?"

काकांना माझाच धक्का बसला असावा.

"कायले म्हंजे? तो कागद हाय ना कोठीतरी. खाण आज नाही, उद्या होईन. कागद काढतीन, म्हणतीन, छत मजबूत हाय, पाठवा माणसं. मले सायबाले सांगाचं होतं. रोजी जाईन म्हणून आज नाही उद्या, आज नाही उद्या केलं. मंग ठेकेदारच गेला गाव सोडून. मागून मी कितीक ठिकाणी अर्ज देल्ले. कोणाले ती फाईलच सापडत नाही. मंग मी काय करू? वर्षातून एकदा जाऊन पाहून येतो, कोणी खोदून त नाही राह्यलं."

वही त्यांनी माझ्यापुढे धरली. "जे म्या डोळ्यानं पाह्यलं नाही ते मी लिहत नाही आता. सतरावी मले माहीत नाही. खेळ सांगते, पण माह्या हातानं ते नाही लिहल्या जात. तुहा ठेकेदार अजून गावात हाय. तुही फाईल टेबलावर हाय. जाय."

गेले. साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिले आणि सांगितलं की पेटी पडली होती, तीन कांड्यांचा क्रम अंदाजाने लावलाय, सही माझी आहे, मला तिथे 'क्रम खात्रीचा नाही' असं लिहायचं आहे. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"मॅडम, कोणाला कळलं असतं?"

"मला."

"तुम्हाला करार नकोय का?"

"पाहिजे, सर. खूप पाहिजे."

त्यांनी फाईल माझ्याकडे ढकलली. मी लिहिलं, सही केली. करार मिळाला, पण वर्षाऐवजी तीन महिन्यांचा, आणि थर लिहिण्याचं काम काढून घेतलं. नमुन्यांच्या पिशव्यांवर चिठ्ठ्या बांधत बसले. तांड्यावर मी हे अजून सांगितलेलं नाही. काकांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "चिठ्ठी पक्की बांधजो. गाठ दोन डाव मार."

*

आता मी यवतमाळला लोहाऱ्यात दगड-माती तपासायच्या एका प्रयोगशाळेत आहे. पक्की नोकरी. निघताना लॅपटॉप काकांकडेच ठेवला. यंदा काकांचे गुडघे गेले. कापूस फुटला तसा फोन आला.

"पोरी, यंदा तू जाऊन येतं काय?"

सुट्टी टाकली आणि गेले. बसमधून उतरले, पळस दिसला. धुऱ्याला लागून बोअरचं मशीन उभं होतं. अर्धं शेत मोकळं केलेलं, मशीन घरघरतंय, बाजूला पेट्यांची रांग.

धावतच गेले. तिथल्या हेल्परला माझं काम सांगितलं, शिक्षण सांगितलं, एक जुनी नोंद ताडून बघायचीय म्हटलं. बाई दगड बघायला एवढी धापा टाकत आली याचंच त्याला नवल. "पाहा ना मॅडम, दगडच तर हायेत," म्हणाला.

सतरावी पेटी किती मीटर खोलीवरची, ते काकांनी पाठ करून दिलं होतं. तेवढ्याच खोलीची पेटी शोधली. कोळसा होता. त्याच्या लगेच वर शेल होता. बोटाने दाबला तर पापुद्रे सुटले. पांढरा टणक दगड त्याच्या वर. तरीही एक तुकडा उचलून मी दातांत धरून पाहिला. हेल्पर बघतच राहिला. कचकच नव्हती. लोण्यासारखा होता.

काकांना फोन लावला.

"काका, इथे बोअर चालू आहे."

पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज. मग काकूंचा, "काय झालं वो, बसा, बसा खालतं."

"काका, सतरावी मी डोळ्याने पाहिली. शेल खाली आहे. पांढरा वर. तुम्ही उलटं लावलं होतं."

"नवीन कागदावर कसं लिहलं त्याईनं?"

"जसं आहे तसं. शेल खाली. मी वाचलं."

काका वहीची पानं उलटत असल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "बाण हाय काय कांड्यावर?"

मी पाहिलं. होते. प्रत्येक कांडीवर, लाल, खाली टोक.

"आहेत, काका."

"मंग ठीक हाय. ये घरी."

वाटेत मी जिलेबी घेतली. वाटताना काय म्हणायचं ते मात्र सुचत नव्हतं. घरी पोचले तर काका ओट्यावर, लॅपटॉप उघडा, वही मांडीवर. मी वही घेतली आणि विचारलं, "लिहू?"

"पेनानं लिही."

रबराने फाटलेल्या त्या पानावर, जेवढा कागद उरला होता तेवढ्यात, मी सतरासमोर 'शेल' लिहिलं. काकांनी ते जवळ धरून वाचलं, लांब धरून वाचलं. मग वही मिटली आणि पडद्याकडे वळले. तिथे त्यांची बुटकी माणसं गाडीभोवती बसलेली, पावसात.

काका त्यांच्याकडे बघत राहिले. एक बोट कीबोर्डवर फिरवलं, थांबवलं. इतकी वर्षं खेळत होते हा खेळ. किती डोंगर, किती जागा, तळापर्यंत वाचून काढल्या होत्या. मग ते माझ्याकडे वळून, जरा लाजून म्हणाले,

"पोरी, घर कसं बांधतात वं ह्याच्यात?"